दगडातल्या पोकळ्या : कोणी केल्या, कशाने भरल्या

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात कुठेही बोअरवेलची रिग उभी राहिली की भोवती जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणतोच, "भोकांचा दगड लागला, आता पाणी येणार." ऐकायला हे बरोबर वाटते. छिद्र म्हणजे रिकामी जागा, आणि रिकाम्या जागेत पाणी साठते. प्रत्यक्षात मात्र असा दगड कधी पन्नास-साठ फूट सलग लागतो आणि वर येते ती कोरडी राखाडी भुकटी. उलट एकही छिद्र नसलेल्या काळ्या पाषाणात बोटभर भेगेवर पाणी लागते. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तरी एप्रिल-मे महिन्यांत सोसायट्यांच्या दारात टँकर उभे असतात.

म्हणजे दगडात पोकळ्या आहेत एवढे कळून भागत नाही. ती पोकळी कोणी केली, ती बुजून न जाता मोकळी कशी राहिली आणि पुढे तिच्यात काय शिरले, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. या लेखात हेच तीन प्रश्न दोन खडकांना विचारायचे आहेत. पहिला खडक आपल्या पायाखालचा बेसाल्ट. दुसरा, प्राचीन समुद्रांत सूक्ष्मजीवांनी आणि स्पंजांनी बांधलेल्या भित्तींचा चुनखडी खडक. एक आगीतून आला, दुसरा पाण्यात सजीवांनी रचला. तरी पोकळीचा हिशेब दोघांत बराचसा सारखा आहे, आणि चुनखडीत तो इतका तपशीलवार लिहिलेला असतो की तो वाचून आलेल्या माणसाला आपला बेसाल्टही अधिक नीट वाचता येतो.

मी भूशास्त्राचा पदवीधर नाही. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत मी अठ्ठावीस वर्षे कास्टिंग तपासण्याचे काम केले. भूशास्त्र शिकलो ते जुनी पुस्तके, ग्रंथालये आणि रविवारच्या पायपिटीतून. पण पोकळी बघायची सवय लागली ती कारखान्यात. ओतलेल्या लोखंडात भोक निघाले की तपासनिसाने पहिल्यांदा त्याचा आकार बघायचा असतो. भोक गोल आणि आतून गुळगुळीत असेल तर ते वायूचे. वाकडेतिकडे आणि आतून खरखरीत असेल तर धातू थंड होताना आकसल्याचे. आणि काही पोकळ्या मुद्दाम ठेवलेल्या असतात : साच्यात वाळूचा 'कोअर' बसवायचा, भोवती धातू ओतायचा आणि थंड झाल्यावर कोअर फोडून काढायचा. पोकळी दिसायला एकच, कारणे तीन. खडकातही असेच आहे.

वायूची घरे

महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभाग बेसाल्टने व्यापलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हाचे एकावर एक थर पसरले. आज उरलेल्या थरांनी पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्र झाकलेले आहे. मलंगगडाचा कडा, बदलापूरच्या पूर्वेचे डोंगर, उल्हास नदीच्या पात्रातले कातळ हे सगळे त्याच कुटुंबातले. अंबरनाथचे शिवमंदिर, ज्याच्या शिलालेखात शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० हे वर्ष आहे, तेही याच काळ्या दगडाचे.

लाव्हा जमिनीखाली खोल असतो तेव्हा त्याच्यावर प्रचंड दाब असतो. या दाबामुळे पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, गंधकाचे वायू त्याच्यात विरघळून राहतात. लाव्हा वर येतो, दाब कमी होतो, आणि सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडावे तसे बुडबुडे सुटतात. अकराशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला हा लाव्हा मधासारखा वाहता असतो, त्यामुळे बुडबुडे वर चढू लागतात. पण त्याच वेळी लाव्हाचा पृष्ठभाग हवेच्या स्पर्शाने थिजत असतो. वर चढणारा बुडबुडा आणि वरून खाली जाड होत जाणारे कवच यांची शर्यत लागते. कवचाने ज्याला गाठले तो बुडबुडा तिथेच अडकला. म्हणून बेसाल्टच्या एका थराचा वरचा भाग छिद्रांनी भरलेला असतो, मधला भाग भरीव असतो आणि तळाशी पुन्हा छिद्रांची एक पातळ पट्टी असते.

तळाच्या पट्टीत कधीकधी बोटाएवढ्या उभ्या नळ्या दिसतात. त्या वरच्या टोकाला एका बाजूला झुकलेल्या असल्या तर लाव्हा कोणत्या दिशेने वाहत होता ते समजते. वरच्या भागातली छिद्रेही नेहमी गोल नसतात. लाव्हा अजून सरकत असताना ती ताणली गेली तर लांबट होतात, वरून ओझे आले तर चपटी. पोकळीचा आकार म्हणजे ती तयार झाली त्या क्षणाची नोंद असते. त्या क्षणानंतर काय झाले, ते मात्र आकारावरून कळत नाही. त्यासाठी आत बघावे लागते.

रिकाम्या जागेत काय शिरले

लाव्हा थिजला म्हणून काम संपत नाही. त्याच्या वर दुसरा थर येतो, त्यावर तिसरा. खालचा दगड गाडला जातो, पुन्हा गरम होतो, आणि भेगांतून मुरलेले पाणीही तापते. हे गरम पाणी बेसाल्टमधली काच आणि खनिजे थोडी थोडी विरघळवते आणि त्यातून घेतलेले सिलिका, कॅल्शियम, सोडियम, अॅल्युमिनियम पोकळ्यांत आणून सोडते. साधारणपणे सर्वांत आधी पोकळीच्या भिंतीवर हिरव्या मातीचा पातळ लेप बसतो. मग गारगोटी किंवा झिओलाइट गटातली ह्युलँडाइट, स्टिल्बाइट अशी खनिजे. त्यानंतर अपोफिलाइट आणि कॅल्साइट. हा क्रम सगळीकडे तंतोतंत सारखा नसतो, पण फुटलेल्या पोकळीच्या कडेपासून मध्यापर्यंत भिंग घेऊन गेलात तर जुन्याकडून नव्याकडे प्रवास होतो. काही पोकळ्यांतले अपोफिलाइट तर लाव्हा थिजल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी तयार झाले आहे.

भोर घाटात रेल्वेसाठी डोंगर फोडले गेले तेव्हा अशी खनिजे मोठ्या प्रमाणावर उजेडात आली आणि परदेशांतल्या संग्रहालयांत पोचली. आज ती बघायला परदेशी जायला नको, सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात उत्तम नमुने आहेत. आमच्याकडे खडी फोडण्याच्या खाणीतल्या कामगारांना ही पांढरी-गुलाबी खनिजे चांगली माहीत असतात. विहिरी खोदणाऱ्यांच्या भाषेत अशा ठिपकेदार दगडाला 'मांजऱ्या' म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो, कारण त्यात दगडाची नेमकी खूण आहे. ठिपका म्हणजे भरलेली पोकळी.

'झिओलाइट' हे नाव १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट या खनिजतज्ज्ञाने दिले. त्याचा अर्थ 'उकळणारा दगड'. तापवल्यावर त्यातून पाण्याची वाफ निघते म्हणून हे नाव. स्टिल्बाइटच्या वजनात सहाव्या हिश्श्याहून थोडे जास्त पाणीच असते. म्हणजे आपल्या मांजऱ्या दगडात पाणी आहे, यात खोटे काही नाही. फक्त ते स्फटिकाच्या रचनेत अडकलेले आहे. पंप लावून ते येणार नाही.

पांढऱ्या दगडाकडे

उल्हासनगरची वसाहत १९४९ मध्ये उभी राहिली, ती फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी, जुन्या लष्करी छावणीच्या जागेवर. कॅम्पातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात सक्खर-रोहडीच्या फिकट, पांढुरक्या टेकड्या येतात. त्या टेकड्या चुनखडीच्या आहेत, चार-पाच कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या जीवांच्या कवचांपासून झालेल्या. सगळा दगड काळाच असतो असे मानणाऱ्या आमच्यासारख्या कोकणच्या माणसाला, दगड हा प्राण्यांनीही केलेला असू शकतो, ही गोष्ट सहज पटत नाही. पण पृथ्वीवरच्या चुनखडीचा फार मोठा भाग सजीवांच्या कामातून आलेला आहे.

समुद्रातली भित्ती म्हटली की आपल्याला प्रवाळ आठवतात. प्रवाळ हे या धंद्यातले तुलनेने नवे कारागीर. त्यांच्या कितीतरी आधी हे काम सूक्ष्मजीव करत होते. बागलकोट परिसरातल्या कलादगी समूहाच्या खडकांत दिसणारे घुमटाकार, पापुद्र्या-पापुद्र्यांचे स्ट्रोमॅटोलाइट ही त्यांचीच बांधकामे. आपल्या चंद्रपूर-यवतमाळकडची सिमेंट कारखान्यांना जाणारी पैनगंगा समूहाची चुनखडीही अशीच प्राचीन आहे. त्या काळी स्पंज अजून आलेच नव्हते. त्यामुळे सूक्ष्मजीव आणि स्पंज यांच्या भागीदारीची भित्ती बघायची तर आपल्याला महाराष्ट्राबाहेर, आणि काळात अलीकडे यावे लागते.

सूक्ष्मजीव चुनखडी बांधतात म्हणजे नेमके काय करतात? ते शंख-शिंपल्यांसारखे कवच करत नाहीत. समुद्रतळावर त्यांचा बुळबुळीत थर पसरतो, पावसाळ्यात विहिरीच्या काठावर शेवाळाचा पसरतो तसा. हा चिकट थर पाण्यातले बारीक कण पकडून ठेवतो. त्याच वेळी त्यातल्या जीवाणूंच्या श्वसनामुळे आणि कुजण्यामुळे भोवतालच्या पाण्याचे रसायन बदलते आणि पाण्यात विरघळलेला चुना घन होऊन बसू लागतो. परिणामी मऊ थर जागच्या जागी दगड बनतो. हा वेग महत्त्वाचा आहे. नुसत्या चिखलात पोकळी टिकत नाही, ती दाबाने मिटते. पोकळीला छत हवे, आणि छत वेळेत घट्ट व्हायला हवे. बेसाल्टमध्ये हे काम थिजणारे कवच करते, भित्तीत सूक्ष्मजीव करतात.

स्पंजांची दोन प्रकारची मदत

स्पंज पोकळ्या दोन मार्गांनी निर्माण करतात, आणि हे दोन मार्ग वेगळे ओळखणे हाच या विषयाचा गाभा आहे.

पहिला मार्ग बांधकामाचा. ज्या स्पंजांचा सांगाडा चुन्याचा आणि टणक होता, ते पेल्यांसारखे, नळ्यांसारखे, पंख्यांसारखे वाढत. एकाशेजारी एक, एकमेकांना टेकून. सूक्ष्मजीवांचे थर त्यांना जोडून घेत. विटा रचताना मध्ये फटी राहाव्यात तशा त्यांच्यामध्ये जागा राहत. सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वीच्या कँब्रियन काळातले आर्किओसायाथ हे असे पेल्यांच्या आकाराचे स्पंज होते. त्यांच्या भित्तींतल्या पोकळ्यांच्या छतांना सूक्ष्मजीवांच्या झुडपासारख्या वसाहती उलट्या लटकून वाढलेल्या आढळतात. म्हणजे ही पोकळी नंतर पडलेली नाही. समुद्र जिवंत असताना ती तिथे होती आणि तिच्यात राहणारे भाडेकरूही होते.

याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण अमेरिकेत टेक्सास आणि न्यू मेक्सिकोच्या सीमेवर, ग्वाडलुपे पर्वतात आहे. कॅपिटन भित्ती, सुमारे २६ कोटी वर्षांपूर्वीची, मुख्यतः स्पंज आणि सूक्ष्मजीवांनी बांधलेली. तिच्यातले स्पंज समुद्रतळावर उभे राहून वाढले असे दीर्घकाळ मानले जात होते. १९९० च्या दशकात रेचेल वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की त्यांतले अनेक स्पंज पोकळ्यांच्या छताला लटकून, खाली तोंड करून वाढले होते. वटवाघळांनी भरलेली गुहा डोळ्यांसमोर आणा. भित्तीच्या बाहेरच्या अंगापेक्षा तिच्या पोटातच जास्त वस्ती असणे शक्य आहे, हे यातून लक्षात आले.

दुसरा मार्ग कुजण्याचा. सगळ्या स्पंजांना टणक सांगाडा नसतो. अनेकांचे शरीर मऊ असते, आत फक्त सूक्ष्म काटक्यांची जाळी. असा स्पंज मेला की त्याच्या मांसात जीवाणू शिरतात. त्यांच्या कामामुळे शरीराचा काही भाग कुजतानाच चुन्याने घट्ट होतो. उरलेला भाग आकसतो, विरघळून जातो आणि तिथे पोकळी राहते. हा आमच्या फाउंड्रीतल्या कोअरचाच प्रकार. भोवतीचे घट्ट झाले, आतले निघून गेले, आणि जे निघून गेले त्याचा ठसा रिकाम्या जागेच्या रूपाने उरला. जर्मनीच्या स्वेबियन आल्ब डोंगरांत सुमारे १५-१६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्युरासिक समुद्रातल्या स्पंज-सूक्ष्मजीव भित्ती आहेत. सिलिकाच्या सांगाड्याचे स्पंज तिथे आज चुन्याच्या रूपात दिसतात.

या मार्गाशी जोडलेले एक जुने कोडेही आहे. बेल्जियमच्या डेव्होनियन चुनखडीत तळ सपाट आणि वरची कड वेडीवाकडी असलेल्या, पांढऱ्या कॅल्साइटने भरलेल्या आकृत्या दिसतात. एदुआर द्युपाँ याने १८८१ मध्ये त्यांना एखादा प्राणीच समजून 'स्ट्रोमॅटॅक्टिस' नाव दिले. तो प्राणी नव्हता, भरलेली पोकळी होती, हे पुढे मान्य झाले. पण पोकळी कोणी केली यावर अजून एकमत नाही. कुजलेल्या स्पंजांची जागा, असे एक मत. घट्ट होत असलेल्या चिखलाखालची माती पाण्याने वाहून नेली, असे दुसरे. प्राण्याला दिलेले नाव आज एका रिकाम्या जागेला चिकटलेले आहे.

तळातला गाळ

चुनखडीतल्या पोकळीचे भरणे बेसाल्टपेक्षा अधिक बोलके असते. सुरुवातीला, समुद्राचे पाणी खेळते असेपर्यंत, भिंतींवर सगळीकडून सारख्या जाडीचा तंतुमय कॅल्साइटचा थर चढतो, भांड्याला कल्हई करावी तसा. कॅपिटन भित्तीत असा थर इतका जाड आहे की काही ठिकाणी खडकाचा मोठा हिस्सा जीवांच्या सांगाड्यांपेक्षा या भरावाचाच आहे. मग बारीक चिखल भेगांतून झिरपत आत येतो आणि पोकळीच्या तळाशी बसतो. शेवटी उरलेली वरची जागा स्वच्छ, मोठ्या स्फटिकांच्या कॅल्साइटने भरते. हे बहुधा खडक खोल गाडल्यावर किंवा त्यात गोडे पाणी शिरल्यावर घडते.

तळाशी बसलेल्या चिखलाची वरची पातळी आडवी असते, अर्धा भरलेल्या तांब्यातल्या पाण्यासारखी. कोट्यवधी वर्षांनी डोंगर कलंडला तरी ही रेघ त्या खडकासोबत कलंडते. म्हणून दगडाचा तुकडा हातात घेऊन सांगता येते की त्या काळी 'वर' कुठे होते आणि त्यानंतर खडक किती अंशांनी झुकला. भित्तीचा उतार मुळातच तसा होता की नंतर जमीन कलल्याने झाला, हा वाद अशा रेघांच्या मदतीने सोडवता येतो.

ही युक्ती आपल्याकडेही चालते. बेसाल्टमधल्या काही अगेटमध्ये तळाशी आडव्या पट्ट्या असतात आणि वर गारगोटीचे स्फटिक. तीही एक पातळीच आहे. आणि आपला पट्टा अशा तपासासाठी सोयीचा आहे. पूर्वेला सह्याद्रीत लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आहेत, पण पनवेलच्या बाजूने उत्तर-दक्षिण गेलेल्या पट्ट्यात, ज्याला भूशास्त्रज्ञ पनवेल फ्लेक्शर म्हणतात, ते पश्चिमेकडे समुद्राच्या दिशेने वाकलेले आहेत. तिथे एखाद्या थरात जागच्या जागी असलेल्या अगेटची आडवी पट्टी थराबरोबरच झुकलेली दिसली, तर पोकळी आधी भरली आणि जमीन नंतर वाकली. थर झुकलेला पण पट्टी आडवीच असेल, तर जमीन आधी वाकली. मात्र नमुना जागेवरून काढण्याआधी त्यावर वरची दिशा आणि उत्तर दिशा खडूने लिहून ठेवली पाहिजे. एकदा दगड पिशवीत गेला की ही माहिती परत मिळत नाही.

उशिरा आलेली पोकळी

आतापर्यंतच्या पोकळ्या खडकाबरोबरच जन्मल्या. आणखी एक जात आहे ती खडक पूर्ण झाल्यावर येणारी. चुनखडी आम्लात विरघळते. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडीतून वाट काढते. याच कॅपिटन भित्तीत कार्ल्सबॅडच्या प्रसिद्ध गुहा आहेत, पण त्यांचे कारण वेगळे निघाले. शेजारच्या तेलसाठ्यांकडून वर आलेला हायड्रोजन सल्फाइड वायू भूजलातल्या ऑक्सिजनला भेटला, गंधकाम्ल झाले आणि त्याने खडक खाल्ला. मागे राहिलेले जिप्समचे ढीग त्याचा पुरावा आहेत. तिथले सर्वांत मोठे दालन सुमारे ४० लाख वर्षांपूर्वीचे. म्हणजे स्पंजांनी ठेवलेली पोकळी आणि आम्लाने केलेली पोकळी एकाच खडकात आहेत आणि त्यांच्या वयात जवळजवळ २६ कोटी वर्षांचे अंतर आहे.

आपल्या जवळचे उदाहरण समुद्रात आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर 'बॉम्बे हाय' क्षेत्रात १९७४ मध्ये तेल लागले. तिथला मुख्य तेलसाठा मायोसीन काळातल्या चुनखडीत आहे. ती स्पंजांची भित्ती नाही, उथळ समुद्रातली चुनखडी आहे. पण समुद्राची पातळी खाली गेल्यावर ती उघडी पडली, पावसाच्या पाण्याने तिच्यात पोकळ्या केल्या, आणि त्या पोकळ्यांत पुढे तेल साठले.

बेसाल्ट असा सहज विरघळत नाही. त्याच्यात उशिरा येणाऱ्या मोठ्या पोकळ्या बहुतेक वेळा घासून झालेल्या असतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निघोजचे रांजणखळगे याचा उत्तम नमुना. कुकडी नदीच्या भोवऱ्यांत सापडलेले गोटे गरागरा फिरत कातळ कोरत गेले. आमच्या बदलापूरजवळच्या कोंडेश्वरसारख्या ठिकाणी धबधब्याखालच्या कुंडाशी उभे राहून पाणी आणि दगडगोटे यांच्या या कामाची कल्पना करता येते. रांजणखळग्याची भिंत गुळगुळीत असते आणि ती वायूच्या छिद्रांना आरपार कापत जाते. जे कापले गेले ते आधीचे, जे कापते ते नंतरचे. हा नियम लक्षात ठेवला की वयाचा क्रम लावायला यंत्र लागत नाही.

मग पाणी कुठे असते?

पोकळी असणे आणि पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वायूचा प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र खोली असते, दार नसलेली. अशा हजार खोल्या असल्या तरी पाणी एका खोलीतून दुसरीत जात नाही. त्यात झिओलाइट भरले की खोलीही उरत नाही. भित्तीच्या चुनखडीत बांधकामातल्या फटी मुळात एकमेकींना जोडलेल्या असतात, पण कॅल्साइटच्या भरावाने त्याही बंद होऊ शकतात. म्हणून तेल शोधणाऱ्यांनाही भित्ती सापडल्यावर पहिला प्रश्न पडतो तो भरावाचा.

बेसाल्टमध्ये जोडणी करतात त्या भेगा. छिद्रांचा वरचा थर झिजू लागला की त्यात आडव्या पापुद्र्यांसारख्या भेगा पडतात, त्या पोकळ्यांना जोडतात, आणि मग हाच मांजऱ्या दगड चांगले पाणी देतो. भरीव काळ्या पाषाणात पाणी देतात त्या उभ्या भेगा. दोन लाव्हाथरांच्या मधली लाल माती बहुधा पाणी अडवते, त्यामुळे तिच्या वरच्या बाजूला झरे दिसतात. म्हणजे बोअर घेताना बघायचे ते छिद्रे आहेत का हे नाही. छिद्रे भरलेली आहेत का, दगड ताजा आहे की झिजलेला, आणि भेग कितव्या फुटावर लागली, हे बघायचे.

बदलापुरातल्या एका सोसायटीने दोन बोअर घेतले, दोन्ही कोरडे गेले. तिसऱ्याची तयारी चालू असताना त्यांनी मला बोलावले. दुसऱ्या बोअरच्या भुकटीचा ढीग अजून आवारात पडून होता. भिंगाखाली त्यात पांढरे-गुलाबी झिओलाइटचे चुरे आणि ताजा, न झिजलेला बेसाल्ट दिसत होता, झिजलेल्या दगडाचा तांबूसपणा जवळजवळ नव्हताच. आवाराच्या कोपऱ्यात बिल्डर येण्याआधीची, गाळाने भरलेली विहीर होती. ती पंचवीस-तीस फुटांचीच, पण मुरुमात आणि झिजलेल्या दगडात खोदलेली. तिसऱ्या बोअरचे पैसे त्यांनी विहिरीचा गाळ काढण्यात आणि गच्चीवरचे पाणी गाळून तिच्याकडे वळवण्यात घातले. मे महिन्यात अजूनही टँकर येतो. मार्चअखेरपर्यंत मात्र येत नाही.

याला दुसरी बाजूही आहे. ज्या भेगा स्वच्छ पाणी आत नेतात त्याच भेगा घाण पाणीही आत नेतात. अंबरनाथच्या मंदिराशेजारून वाहणारी वालधुनी आज कारखान्यांच्या आणि गटारांच्या सांडपाण्याने काळवंडली आहे. नदीकाठचा झिजलेला, भेगाळलेला दगड हा या पट्ट्यातला चांगला पाणीसाठा होऊ शकतो, आणि म्हणूनच तो सर्वांत आधी बिघडतो. भरलेल्या पोकळ्यांचा ताजा दगड पाणी देत नाही, पण तो विषही पुढे सहज जाऊ देत नाही. उपयोगी दगड हाच नाजूक दगड, हे ध्यानात न ठेवता पाणी मुरवण्याचे खड्डे घेतले तर छपरावरच्या पाण्याबरोबर रस्त्यावरचे तेल आणि गटारही खाली पाठवले जाते. मुरवायचे ते छपरावरचे, गाळलेले पाणी.

वाचकांपैकी कोणाच्या आवारात बोअर घेतला जाणार असेल तर एवढे करून ठेवावे. दर दहा फुटांना वर येणारी भुकटी मूठभर घेऊन वेगळ्या पिशवीत भरावी आणि पिशवीवर खोली लिहावी. रंग बदलला, पांढरे ठिपके वाढले, लाल माती आली किंवा भुकटी ओली झाली तर तो फूट टिपून ठेवावा. पांढऱ्या चुऱ्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला आणि फसफसले तर ते कॅल्साइट, नाहीतर बहुधा झिओलाइट किंवा गारगोटी. याला खर्च जवळजवळ नाही. शेजारच्या चार सोसायट्यांनी अशा पिशव्या जपल्या आणि एकमेकांना दाखवल्या, तर पाचव्या सोसायटीला किती खोल जायचे, आणि मुळात जायचे की नाही, हे खोदण्याआधी ठरवता येईल.